बांधावरची हराळी आणि सांध्यातलं अस्तर



लग्नसराईत कासाराकडे बांगड्या भरायला बसलं की तो आपला पंजा हातात घेतो. बोटं जिथं तळव्याला जोडलेली असतात तिथं दोन्ही बाजूंनी दाबतो आणि बांगडी पुढं सरकवतो. थोडं दुखतं. बांगडी मनगटात गेली की आपण विसरून जातो. पण एखादीला तिथं नुसतं दाबलं तरी डोळ्यांत पाणी येतं. मागच्या वर्षी सहज चढलेलं माप यंदा चढत नाही. ती म्हणते, "हात जाड झाले माझे." कासार म्हणतो, "एक नंबर मोठं घ्या."

सांधेरोगाचे डॉक्टर हात तपासताना पहिल्यांदा हेच करतात. पंजा त्याच जागी आडवा दाबतात. तिथं दुखत असेल, सूज असेल, तर त्यांच्या मनात एका आजाराची शंका येते. तो आजार म्हणजे आमवात. आज आपण त्याच्याबद्दल बोलणार आहोत, आणि तेही सांध्याच्या अगदी आत जाऊन. आत काय चाललंय ते एकदा कळलं, की उशीर का करायचा नाही हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्याकडे सांधा दुखला की नाव एकच, 'वात'. चिकनगुनियानंतर दुखलं तरी वात, साठीत गुडघा झिजला तरी वात, दिवसभर खुरपून किंवा विड्या वळून बोटं आखडली तरी वात. बाळंतपणानंतर सुरू झालं तर 'वारं लागलं'. ही दुखणी सारखी नाहीत. त्यामुळं त्यांचे उपायही सारखे नसतात.

सोलापूरहून पुण्याला जाताना उजनीच्या पाण्याच्या काठाला भिगवण लागतं, ते तुम्हाला ठाऊक असेल. १९९६ साली पुण्याचे सांधेरोगतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी त्या गावात मोठी पाहणी सुरू केली. घरोघरी जाऊन ४०९२ मोठ्या माणसांना विचारलं, तुमचं काय दुखतं, कधीपासून दुखतं. शंभरातल्या साधारण अठरा जणांनी सांधे किंवा स्नायू दुखतात असं सांगितलं. डॉक्टरांनी तपासल्यावर कळलं की त्यातल्या बहुतेकांचं दुखणं झिजेचं किंवा कष्टाचं होतं. खरा आमवात निघाला हजारी पाच जणांच्या आसपास. म्हणजे तुमच्या गावात दोन हजार मोठी माणसं असतील, तर अशी दहा असणार. हा आजार पुरुषांपेक्षा बायांना दुपटी-तिपटीनं जास्त होतो, म्हणून त्या दहांतल्या सात-आठ बाया असतील. एखादी तुमच्याच बचत गटात बसत असेल आणि तिच्या दुखण्याला अजून नावसुद्धा मिळालेलं नसेल.

आता सांध्याच्या आत जाऊ. दोन हाडं जिथं मिळतात तिथं हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. या सगळ्याभोवती एक पिशवी असते आणि पिशवीला आतून पातळ अस्तर असतं, जसं चोळीला आतून मऊ कापड लावतात तसं. निरोगी सांध्यात हे अस्तर एक ते तीन पेशींइतकंच जाड असतं. त्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. एक झाडलोट करणाऱ्या, कचरा गिळून टाकणाऱ्या. दुसऱ्या वंगण तयार करणाऱ्या. त्यांच्यामुळंच अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट रस सांध्यात असतो आणि आपण दिवसाला वीस भाकरी थापल्या तरी बोटं घासत नाहीत.

आमवातात बिघाड होतो तो या अस्तरात. दोन-तीन पेशींचं अस्तर दहा-पंधरा पेशींइतकं जाड होतं. सांधा फुगतो, मऊ लागतो, गरम होतो. वंगण करणारी पेशी आपलं नेहमीचं काम सोडून भलतंच काम करू लागते. असं का होतं?

आपल्या आज्या बियाणं उतरंडीत ठेवायच्या, आठवतं? एकावर एक मडकी. एकात ज्वारी, एकात तूर, एकात करडई, एकात मटकी. सगळं बी घरात असायचं, पण सगळं एकदम पेरत नसत. वापसा आला, हंगाम आला, की तेवढंच मडकं उघडायचं. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अशीच एक उतरंड असते. त्यात सुमारे वीस हजार मडकी असतात. त्यांना जनुकं म्हणतात. डोळ्याच्या पेशीत जी उतरंड, तीच कातडीच्या पेशीत, तीच सांध्याच्या अस्तरात. फरक इतकाच की कुठं कोणती मडकी उघडी आणि कोणती झाकलेली. मडकं उघडणं यालाच शास्त्रज्ञ जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. मडकं उघडलं की पेशी एक चिठ्ठी लिहिते, 'अमुक माल तयार करा'. त्या चिठ्ठ्या मोजल्या की कोणती मडकी उघडी आहेत ते कळतं.

निरोगी अस्तराच्या पेशीत वंगणाची मडकी उघडी असतात. आमवातात शरीराची राखणदारी करणाऱ्या पेशी चुकून आपल्याच सांध्यावर चाल करून येतात आणि अस्तराला सतत निरोप देत राहतात, 'धोका आहे, धोका आहे.' त्या निरोपानं नको ती मडकी उघडतात. एकातून सूज वाढवणारे पदार्थ बाहेर पडतात. त्यातली दोन नावं दवाखान्यात कानावर येतील, टीएनएफ आणि आयएल-६. दुसऱ्या मडक्यातून कूर्चा कुरतडणारे पाचकरस निघतात. तिसऱ्यातून असा निरोप जातो की हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात. बी तेच, उतरंड तीच, पण भलतंच मडकं उघडून भलत्या वेळी पेरणी झालेली.

आणि पीक कसलं येतं? हराळीचं. हराळी शेताच्या मधोमध सुरू होत नाही. ती बांधावर असते आणि तिथून हळूहळू शेतात शिरते. सांध्यातही तसंच होतं. अस्तर जिथं हाडाला चिकटलेलं असतं, त्या कडेवरून ते कूर्चेवर पसरतं आणि कडेनं हाड खात जातं. म्हणून एक्स-रेमध्ये पहिले खड्डे सांध्याच्या कडेला दिसतात. हराळी वरून कापली की चार दिवस रान स्वच्छ दिसतं. पाऊस पडला की पुन्हा तीच, कारण मुळ्या आत असतात.

या अस्तराच्या मुळ्या किती चिवट असतात, ते १९९६ सालच्याच एका परदेशी प्रयोगात दिसलं. आमवाताच्या रुग्णांच्या अस्तरातल्या पेशी काढून त्या माणसाच्या निरोगी कूर्चेबरोबर उंदरांच्या अंगात ठेवल्या. त्या उंदरांच्या अंगात राखणदार पेशी चालत नव्हत्या, म्हणजे 'धोका आहे' असा निरोप द्यायला कुणी नव्हतं. तरीही अस्तराच्या पेशी कूर्चेत घुसल्या. निरोगी माणसाच्या अस्तराच्या पेशी तशा घुसल्या नाहीत. याचा अर्थ, बराच काळ निरोप मिळत राहिला की पेशीला सवय जडते. मग निरोप थांबला तरी ती मडकी झाकत नाही. पुढं २००९ साली असंही दिसलं की अशा पेशी रक्तातून जाऊन अंगात दुसरीकडे ठेवलेल्या निरोगी कूर्चेपर्यंत पोचतात. एका बोटात सुरू झालेलं दुखणं मनगट, कोपर, घोट्यापर्यंत का पोचतं, याचं एक कारण यात असावं.

आणखी एक अभ्यास सांगते. अमेरिकेत आमवात असलेल्या चार जणांनी घरच्या घरी बोट टोचून रक्ताचे थेंब काढले आणि दर आठवड्याला टपालानं पाठवले. त्या रक्तातल्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या. २०२० साली निकाल छापून आला. सांधे उसळण्याच्या साधारण आठवडाभर आधी रक्तात काही वेगळ्या पेशी दिसत होत्या, आणि त्यांच्या चिठ्ठ्या सांध्याच्या अस्तरातल्या पेशींसारख्या होत्या. सांधे दुखू लागले की त्या रक्तातून नाहीशा होत. त्या सांध्यात जाऊन बसत असाव्यात, असं संशोधकांना वाटतं. "परवापासून अंगात काहीतरी होतंय, आता हात धरणार," असं एखादी बाई म्हणाली, तर तिला नाटकी म्हणू नका. तिच्या अंगात खरंच काहीतरी चाललेलं असू शकतं.

तर मैत्रिणींनो, आजच्या बोलण्याचं सार हे आहे. आमवात ही झीज नाही, वयाचा दोष नाही आणि नशिबाचा भोगही नाही. अस्तराच्या पेशींत चुकीची मडकी उघडी राहिली आहेत आणि जितका उशीर होईल तितकी ती सवय पक्की होत जाते. सुरुवातीचे काही महिने फार मोलाचे असतात. तेव्हा उपचार सुरू झाले तर बहुतेक जणींचे हात वाचतात. एकदा हाड खाल्लं गेलं, बोट वाकडं झालं, की सूज उतरली तरी ते बोट औषधानं सरळ होत नाही.

आता उपचारांकडे वळू. दुखण्यावरची गोळी म्हणजे हराळी वरून कापणं. आराम पडतो, पण आतलं कुरतडणं थांबत नाही. शिवाय अशी गोळी वर्षानुवर्षं रोज घेतली तर जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडावर परिणाम होतो. कुणी बिननावाच्या पुड्या किंवा गोळ्या देत असेल आणि दोन दिवसांत जादूसारखा आराम पडत असेल, तर सावध राहा. त्यात स्टिरॉइड असू शकतं. डॉक्टर स्टिरॉइड मोजून, थोड्या दिवसांसाठी देतात, ते वेगळं. नकळत महिनोन्‌महिने पोटात गेलं तर साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. आणि ते एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. अशा पुड्या चालू असतील तर त्या घेऊनच डॉक्टरांकडे जा आणि न लाजता दाखवा.

मुळावर काम करणारी औषधं वेगळी आहेत. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते जुनं आहे आणि नव्या औषधांच्या मानानं खूप स्वस्त आहे. पण त्याचा एक नियम भिंतीवर लिहून ठेवा : ही गोळी आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची असते. रोज नाही. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. घरात वाचता न येणारी सासू असेल तर सुनेनं किंवा नातवानं कॅलेंडरवर एका वारावर खूण करावी आणि त्याच वारी गोळी हातात द्यावी. सोबत फॉलिक अॅसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दिवशी घ्यायची. ठरल्याप्रमाणे रक्ताची तपासणी करायची, कारण यकृत आणि रक्तपेशींवर लक्ष ठेवावं लागतं. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. आणि बरं वाटलं म्हणूनही मनानं सोडू नका.

मूल हवं असेल, दिवस गेले असतील किंवा पाळी चुकली असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. मेथोट्रेक्सेटनं गर्भाला इजा होते. गरोदरपणात चालणारी दुसरी औषधं आहेत, त्यामुळं घाबरायचं कारण नाही. फक्त लपवायचं नाही. कित्येकींना गरोदरपणात बरं वाटतं आणि बाळंतपणानंतर सांधे पुन्हा उसळतात. काहींचा आजार पहिल्यांदा सुरूच बाळंतपणानंतर होतो. म्हणून ओल्या बाळंतिणीचे हात सुजले आणि सूज राहिली, तर 'वारं लागलं' म्हणून नुसती शेक-शेगडी करून थांबू नका.

या औषधांनी भागलं नाही तर पुढची औषधं आहेत. ती थेट निरोपच अडवतात. १९९२ साली लंडनमध्ये रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन या डॉक्टरांनी टीएनएफ अडवणारं औषध पहिल्यांदा रुग्णांना देऊन पाहिलं. मैनी मूळचे आपल्या लुधियान्याचे. आता काही गोळ्याही आहेत. पेशीच्या दारातून उतरंडीपर्यंत जो निरोप्या जातो, त्यालाच त्या अडवतात. ही औषधं महाग आहेत आणि त्यांनी अंगात दबून राहिलेला क्षयरोग उठू शकतो, म्हणून आधी क्षयाची तपासणी करतात.

मग एकीला एका गोळीनं गुण येतो आणि दुसरीला का येत नाही? २०२३ साली छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात ७९ जणांच्या अस्तराचे बारीक तुकडे घेऊन तीन लाखांहून जास्त पेशींच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या गेल्या. त्यातून आमवाताच्या अस्तराचे सहा वेगवेगळे गट दिसले. वरून हात सारखेच सुजलेले, आतली उघडी मडकी मात्र वेगळी. म्हणून शेजारणीच्या चिठ्ठीवर स्वतःसाठी औषध आणू नका. आणि पहिलं औषध लागू पडलं नाही म्हणून 'माझं आता काही होत नाही' असं म्हणून घरीही बसू नका.

एक प्रश्न बाया चारचौघींत विचारत नाहीत, एकटीला गाठून विचारतात. "मला आमवात आहे, माझ्या मुलीला होईल का? तिच्या लग्नात अडचण येईल का?" आजाराकडे कल असणारी जनुकं घराण्यात असू शकतात, हे खरं आहे. पण हुबेहूब जुळ्या बहिणींचं उदाहरण घ्या. दोघींची उतरंड अगदी एक. तरी एकीला आमवात झाला तर दुसरीला तो होण्याचं प्रमाण शंभरात पंधराच्या आसपास आहे. म्हणजे बी घरात असणं वेगळं आणि ते उगवणं वेगळं. आमवात असलेल्या आईच्या बहुतेक मुलींना हा आजार कधीच होत नाही. या कारणावरून कुणी सोयरीक मोडू नये, आणि कोणत्या आईनं स्वतःला दोषही देऊ नये.

मडकी भलत्या वेळी उघडायला मदत करणाऱ्या गोष्टींपैकी एक पक्की माहीत आहे, ती म्हणजे धूम्रपान. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा आजार जास्त होतो आणि औषधांचा गुणही कमी येतो. घरात आमवात असलेलं माणूस विडी ओढत असेल तर ती सोडणं हा औषधाचाच भाग समजा. दही-ताक, आंबट, भात सोडल्यानं आमवात बरा होतो असा मात्र पुरावा नाही. आधीच अंगात रक्त कमी, त्यात ताट अर्धं करू नका.

आता ओळखायचं कसं, ते सांगते. सकाळी उठल्यावर हात आखडलेले असतात आणि मोकळे व्हायला अर्धा तास, तासभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. झिजेच्या गुडघ्याचं उलट असतं, तो कामानं दुखतो आणि बसलं की थांबतो. दोन्ही हातांची बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं सुजतात. सूज दाबली की मऊ लागते. पावलांच्या चवड्यात दुखतं, सकाळचं पहिलं पाऊल टेकवत नाही. थकवा येतो, बारीक कणकण असते. पीठ मळता येत नाही, कपडा पिळता येत नाही, हंड्याला हात घालवत नाही. असं सहा आठवडे टिकलं तर वाट पाहायची नाही.

आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून सोलापूरच्या सिव्हिलला पाठवलं तर जा. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या असतात. तपासणीत काही निघालं नाही म्हणजे आजार नाहीच असं नसतं. काहींच्या रक्तात तो दिसत नाही. सुरुवातीला एक्स-रेही चांगला येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना कागदासोबत हातही दाखवा आणि सकाळी किती वेळ आखडतो ते घड्याळ लावून सांगा.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक काम करा. शेजारी बसलेलीचा हात हातात घ्या आणि कासारासारखा हलकेच दाबून बघा. कुणी दचकली, तर तिला विचारा, कधीपासून दुखतंय गं? आणि दवाखान्याच्या दिवशी तिची मजुरी बुडणार असेल, तिच्याबरोबर जायला कुणी नसेल, तर कोण जाईल ते तिथंच ठरवा.

हराळी बांधावर असतानाच काढलेली बरी. हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही रोज रानातच असता.